काकूंची उलटी तयारी

कप्तानांनी टायमरची कळ फिरवली. भिंतीवरच्या डबीत टकटक झाली आणि परसातल्या काळ्या नळीतून एकेका आळ्यात, एकेका कुंडीत पाणी ठिबकायला लागलं. हात पुसत ते समाधानानं मागे सरकले. सगळा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत गेलेला माणूस. गल्लीनं त्यांना परस्पर कप्तान करून टाकलं होतं आणि त्यांनीही ती बढती कधी नाकारली नव्हती.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "आता तू खुशाल जा. कोणी फिरकलं नाही तरी बाग जगेल."

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. उद्या सकाळी त्या निघणार होत्या. त्यांची थोरली बहीण घसरून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला पुन्हा चालती करायची तर पाच-सहा महिने कोणीतरी जवळ हवं होतं. बहिणीचं घर एका खोलीचं, म्हणून कप्तान इथंच राहणार होते.

"छान झालंय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते 'छान' कप्तानांना काही पटलं नाही. गेले काही दिवस बाईंचं सगळं उलटंच चाललं होतं. लांब निघालेला माणूस पसारा आवरतो, यांनी वाढवला होता. महिना महिना पाणी न मागणारी निवडुंगं त्यांनी शेजारणीला देऊन टाकली आणि जरा दुर्लक्ष झालं की माना टाकणारी नाजूक रोपं तेवढी ठेवून घेतली. सावलीत न्यायच्या कुंड्या उन्हात आणल्या. काल तर कहरच. वाफा भुसभुशीत करून त्यांनी कोथिंबीर पेरली.

"जाता जाता बी पेरतेस? खाणार कोण?" कप्तानांनी विचारलं होतं.

"उगवू तर द्या," एवढंच उत्तर मिळालं होतं.

चहाचा कप घेऊन कप्तान परसात बसले. ही बाग त्यांनी तुकड्यातुकड्यानं पाहिली होती. आठ-दहा महिन्यांनी घरी यायचं, तर बॅग खाली ठेवायच्या आत मुलगी हाताला धरून मागे ओढत न्यायची. "बाबा, हे नवीन." दर खेपेला काहीतरी नवीन असायचंच. एका सुटीत डाळिंब गुडघ्याएवढं होतं, पुढच्या सुटीत खांद्याला लागलं. मुलीचंही तसंच झालं. "माझी पाठ वळली की तू जंगल वाढवतेस," असं ते म्हणायचे आणि काकू हसायच्या. मग पुन्हा बोट. तेलाच्या वासात पडल्या पडल्या ते जाईचा वास आठवून पाहायचे. तो कधीच आठवायचा नाही. सोबतच्यांना मात्र ते ऐटीत सांगायचे, "आमच्या घरी काही काळजी नाही. बायकोला बागेचा नाद आहे."

ठिबकणं अचानक थांबलं. कप्तानांनी वळून पाहिलं. काकू पक्कड घेऊन टायमर उतरवत होत्या.

"अगं, हे काय? बिघडलं का?"

"छे. अगदी चोख चालतंय. म्हणून तर काढतेय."

"अन् झाडं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी कुठं कळत होतं?"

काकू पायरीवर टेकल्या. टायमर त्यांनी मांडीवर ठेवला.

"तुम्ही पहिल्यांदा बोटीवर गेलात ना, तेव्हा इथं नुसते दगड होते," त्या म्हणाल्या. "आपलं नवीनच लग्न झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि उठायचं कशासाठी, तेच कळेना. नुसती पडून राहायचे. शेजारच्या आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी लिंबाचं रोप आणून हातात दिलं. म्हणाल्या, हे रोज पाणी मागतं हं, ध्यानात ठेव."

"मला वाटायचं, तुला हौस..."

"हौस मागाहून आली. डाळिंब मुलीच्या जन्माचं. तुम्ही पोचू शकला नव्हतात. आणि जाई लावली ती तुमची बोट वादळात सापडली तेव्हा. कोणी धड काही सांगत नव्हतं."

कप्तानांनी लिंबाकडे पाहिलं. मग डाळिंबाकडे. मग भिंतीवर पसरलेल्या जाईकडे. एवढ्या वर्षांत या झाडांचं वय त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

"बोटीवर तुमच्याभोवती माणसं असायची," काकू म्हणाल्या. "एकटं राहायची सवय मला आहे हो. तुम्हाला नाही."

कप्तान उठले. त्यांनी नळीचं एक टोक धरलं. दुसरं काकूंनी धरलं. दोघांनी मिळून ती सगळी नळी गुंडाळली आणि कोपऱ्यात ठेवली. मग कप्तानांनी झारी भरून आणली.

"बुंध्यावर नको, आळ्यात घाला. हळू. लोंढा नको," काकू मागून सांगत होत्या. कोथिंबिरीच्या वाफ्याशी त्यांनी नवऱ्याचा हात धरूनच झारी वाकवली. "इथं नुसतं शिंपडायचं. नाहीतर बी वाहून जाईल."

पाणी घालून होईपर्यंत ऊन भिंतीवरून उतरलं होतं. कुंपणाजवळ हातभर जागा मोकळी होती. कप्तान रिकामी झारी घेऊन बराच वेळ तिथं उभे राहिले.

"इथं मी काय लावू?" त्यांनी विचारलं.

"ते मी गेल्यावर कळेल तुम्हाला," काकू म्हणाल्या.