हातांचा हिस्सा

"हात दाखवायला जागा ती किती लागते रे?" इनोके साहेबांनी विचारलं. "दोन हात, दहा बोटं. त्यांचा हिस्सा निम्मा कर आणि रग्बीला दे."

विलिकेसा समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. फिजीच्या राजधानीतल्या, सुवाच्या त्या प्रक्षेपण केंद्रातून सहा वाहिन्या एकाच लहरीवरून जात. लहरीत मावणार किती ते ठरलेलं. एकीला जास्त दिलं की दुसरीचं चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटायचं. वाटणी यंत्रच करी, पण कुणाला कमीत कमी किती मिळालंच पाहिजे, तो आकडा विलिकेसा भरत असे. खुणांच्या भाषेतल्या वाहिनीचा आकडा त्याने मुद्दाम चढा ठेवला होता.

"साहेब, बोटं पुसट झाली की शब्दच गेला. आपल्याला ते चित्र आहे, बहिऱ्यांना तो आवाज आहे."

"शनिवारी अंतिम सामना आहे, न्यूझीलंडबरोबर! अख्खा देश टीव्हीसमोर बसणार. तुझी ती वाहिनी बघतं कोण?"

"माझी बहीण बघते."

"एक बहीण!" साहेब हसले. "मला सहा आहेत आणि सहाही जणी रग्बी बघतात." मग आवाज उतरवून म्हणाले, "विली, मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी सोमवारी मी तुझं नाव पुढे करतोय. उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

"दुसरीकडून काही काढता येतंय का बघतो."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि प्रार्थनेच्या वाहिनीला हात लावलास तर माझी आई मला घरात घेणार नाही."

ज्यांना फोन उचलून ओरडता येत नाही त्यांच्याच ताटातलं आधी काढतात, हे विलिकेसाला लहानपणापासून माहीत होतं. त्याची बहीण उनाइसी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिसऱ्या वर्षी तापाने तिचे कान गेले. आई वारल्यावर तिने कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करून याला शिकवलं, आणि तिथल्या मुकादमाने तिची बढती दर वर्षी दुसरीला दिली.

शुक्रवारी संध्याकाळी तिने नारळाच्या दुधातली मासळी वाढली आणि हात पुसून बोलायला मोकळे केले.

"उद्या आम्ही सगळे बहिऱ्यांच्या संघाच्या हॉलवर जमणार आहोत," तिचे हात म्हणाले. "नवा मोठा टीव्ही आणलाय. तुमच्या त्या साहेबाला सांग, मागच्या महिन्यासारखी कापाकापी नको."

मागच्या महिन्यात साहेबांनी दोन दिवस तिच्या वाहिनीचा हिस्सा कापून पाहिला होता. तेव्हा ती पडद्याला नाक लावून बसली होती.

"कापणार नाही," विलिकेसाने हातांनीच सांगितलं. "शब्द देतो."

"मोठा आलाय शब्द देणारा! दुसऱ्यांच्या वतीने देऊ नये. कसावा घे अजून."

बढतीचं तो काही बोलला नाही. तिला कळलं असतं तर तिने कान धरून त्याला साहेबांकडे पाठवलं असतं.

शनिवारी दुपारी साहेबांचा मैदानावरून फोन आला. "कापलंस ना?"

"झालं, साहेब."

आयुष्यात वरिष्ठांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. आकड्याला त्याने हात लावला नव्हता. रग्बीचं कसंबसं भागेल असा त्याचा हिशेब होता, आणि पूर्वार्धात भागलंही. उत्तरार्धात मैदानावर धो धो पाऊस आला. पडद्यावर जे जे हलतं त्याला जागा लागते, आणि पावसाचा प्रत्येक थेंब हलत होता. फिजीचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला आणि चेंडूसकट करड्या चौकोनांत विरघळून गेला.

केंद्रातले सगळे फोन एकदम वाजू लागले. विलिकेसाचा हात आकड्यावर गेला. मग त्याला हॉल आठवला, तो मोठा टीव्ही आठवला, आणि त्याने हात मागे घेतला. खुणांच्या वाहिनीवर एक बाई चटई विणायला शिकवत होती. तिचं नखन् नख स्वच्छ दिसत होतं. त्याला रडू येईल इतका आनंद झाला.

सोमवारी साहेब ओरडले नाहीत. त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

"तूच ना?"

"हो."

"माझ्याशी खोटं बोललास."

"हो, साहेब. जागा दुसऱ्या कुणाला द्या. माझी तक्रार नाही."

"जागेचं काय घेऊन बसलास! फोनवाल्यांचं मला काही नाही. शिव्या देतात, विसरतात. सगळ्यांनी रेडिओवर निकाल ऐकलाच. पावसावर ढकलून मी तुझी नोकरी वाचवली असती." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "पण हे लेखी आलंय, थेट मंत्र्यांच्या कचेरीतून. आता माझ्या हातात काही नाही."

विलिकेसाने कागद उचलला.

'शनिवारचा अंतिम सामना बघायला आम्ही सकाळपासून हॉलवर जमलो होतो. चित्र फुटल्यावर लोकांनी रेडिओ लावला. आमच्याकडे फक्त चित्र होतं, तेही तुम्ही काढून घेतलंत. ज्याने ही वाटणी केली त्याला त्या खुर्चीवर ठेवू नका.'

खाली बहिऱ्यांच्या संघाच्या त्रेचाळीस सह्या होत्या. सगळ्यांत वर उनाइसीची.