घरपोच

"हसून सांगा, ताई. असा चेहरा ठेवलात तर लोकांना वाटेल, इथलं सगळंच औषध कडू आहे," साहेब म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

साहेब म्हणजे तरी कोण, ताईच्या धाकट्या भावाच्या वयाचा. पण बूट चकाचक, गळ्यात कंपनीचा पट्टा, म्हणजे झाला साहेब. सकाळपासून औषधाच्या दुकानात ठाण मांडून होता. येईल त्याच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप टाकून द्यायचं, दोन तासांत औषध घरपोच, पायपीट बंद, असं गोड बोलायचं. हे काउंटरवरच्या ताईकडून करून घ्यायला आला होता. लोक फोनवर गेले की दुकान लागतंय कशाला? दोन गल्ल्या पलीकडचं, याच कंपनीचं, असंच गेलं. तिथे आता जिम आहे. या दुकानाचं काय ते सोमवारी कळणार होतं. म्हणजे बसलोय त्याच फांदीवर कुऱ्हाड घालायची, आणि तीही हसत हसत. नाही घातली तर, तुम्हाला काम जमत नाही, जा घरी.

ताई हसली. दात दाखवले, एवढंच.

तेवढ्यात रोजची आजी आली. ही पायरी चढत नाही, पायरीशी भांडते. वर येऊन काउंटरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि मग कुठे श्वास घेतला.

"मलम दे गं गुडघ्याचं. आणि हा कोण उभाय? लग्नाचा आहे का?"

"साहेब आहेत, आजी. कंपनीचे."

"मग बस की बाबा. उभं राहून साहेबी वाढते का?"

साहेबाने ताईला डोळ्याने खुणावलं. मलमाची नळी मागच्या फळीवरच होती, हात लांब केला की येईल इतकी जवळ. ताईने हात लांब केला नाही.

"आजी, फोन द्या तुमचा. आता इथवर यायची गरजच नाही. बोट लावलं की मलम घरी."

आजीने तिच्याकडे असं बघितलं, की ताईला वाटलं काउंटरखाली शिरावं.

"मी येते ते जड होतं का तुला?"

"तसं नाही हो."

"नाही, सांग ना. खुर्चीला भाडं लावलंय का?"

"तुमच्याच सोयीसाठी आहे, आजी," साहेब मध्ये पडला. फोन घेऊन त्याने भराभर बोटं फिरवली, मलम शोधलं. "हं. आता घरचा पत्ता सांगा."

"कुठं आणून देणार म्हणालास?"

"तुम्ही सांगाल तिथे."

"मग इथंच."

"इथे म्हणजे?"

"इथं म्हणजे इथं. या खुर्चीत."

"अहो आजी, हे दुकान आहे. घरी मागवा ना, अगदी दारात येईल."

"दार उघडायला कोण बसलंय तिथं? मी तर इथं असते."

साहेबाची बोटं थांबली. ताई कात्री शोधायला लागली. कात्री समोरच पडली होती. शेवटी साहेबाने दुकानाचा पत्ता टाकला. त्याचा आकडा एकने वाढला ना, मग मलम खड्ड्यात जाईना का.

जाताना म्हणाला, "सोमवारी फोन येईल वरून. आणि चेहऱ्याचं बघा जरा."

मग दोघीच राहिल्या. रस्त्यावरून कोणी गेलं की ताईची मान वर. कोणी आत येत नव्हतं. पूर्वी या वेळेला लोक पायरीवरूनच हात आत घालून ओरडायचे, आधी मला, आधी मला. ताई खेकसायची, मला दहा हात आहेत का? आत्ता कोणी नुसतं ओरडलं असतं तरी तिने त्याला पदरचा चहा पाजला असता.

पार्सलवाला आला. हेल्मेटही काढलं नाही. एकदा खोक्यावरचं नाव वाचलं, एकदा दुकानाची पाटी. परत खोकं, परत पाटी.

"मॅडम, औषधाच्या दुकानात औषध?"

"तुझं काय पोट दुखतंय?" आजी म्हणाली. "दे इकडं."

तो हसत हसत गाडीला किक मारून गेला.

खोकं चांगलं बुटांच्या जोडाएवढं. आत एक नळी, इकडून तिकडे गडगडत होती. आजीने ते मांडीवर घेतलं, वर दोन्ही हात ठेवले.

"द्या, उघडून देते," ताई म्हणाली.

"नको."

थोड्या वेळाने आजी उठली. खोकं काउंटरवर ठेवलं आणि पलीकडे ढकललं, ताईच्या बाजूला.

"राहू दे तुझ्याकडं. सोमवारी येऊन नेईन."

"आणि गुडघे?"

"त्यांना सवय आहे थांबायची."

ताईने खोकं परत पुढे सरकवलं. "आजच न्या, आजी. सोमवारचं माझं मलाच माहीत नाही. बंद करा म्हणाले तर?"

आजी पायरीपाशी पोचली होती. भिंतीला हात धरून वळली.

"असं कसं बंद करतील? दुसऱ्याची वस्तू आत असताना कोणी कुलूप लावतं का?"

आणि ती उतरायला लागली.

ताई खोकं घेऊन वळली. फळ्यांवर जागाच जागा होती. तरी ते कुठे ठेवावं, तिला कळेना.