बुटाच्या नाड्या

चौऱ्याऐंशी वर्षांची फिलोमेना रोज सकाळी फरशीवर बसून मुलाच्या पायांत बूट चढवायची. लोकांच्या घरी फरश्या बसवून बसवून साठीला टेकलेल्या कोसिमोचे गुडघे कामातून गेले होते. त्याला वाकताच येत नसे.

नाड्या बांधून होईपर्यंत तो तिला डिवचत राहायचा. "अख्ख्या इटलीची तिजोरी तू एकटीने खाल्लीस, आई. तेहेतिसाव्या वर्षी पेन्शन! पन्नास वर्षं बसून खातेयस. आणि मला सरकार म्हणतंय, पैसे नाहीत, अजून थांबा."

"मी काय मागायला गेले होते का रे? सरकारी नोकरीतल्या आयांनी लवकर घरी बसावं, पोरं सांभाळावीत, असा कायदाच होता तेव्हा. तू शाळेत जायला लागलास, आणि तुला बूट घालायला घरात कोणी नव्हतं."

पेन्शनचं वय पुन्हा वाढल्याची बातमी आली, त्या सकाळीही तो बूट घालून कामाला गेला. पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, अर्धवट बसवलेल्या फरशीवर तो कोसळला, तो उठलाच नाही.

त्याला लग्नातला काळा सूट घालून झाला. अंत्यविधीचं बघणाऱ्या बाईने बूट उचलले. "सरा आजी, मी घालते."

फिलोमेनाने ते तिच्या हातून काढून घेतले आणि ती पलंगाला धरून हळूहळू खाली बसली.

"राहू दे गं," नाडी ओढत ती म्हणाली. "सरकार पन्नास वर्षं मला याच कामाचे पैसे देतंय."