नळाकडे बघा

"सिगारेट सुटली तरच ऑपरेशन," डॉक्टरांनी गणिताच्या मास्तरांना बजावलं आणि सवय मोडायला घरी कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ दिला. एका बाजूला सिगारेटचं चित्र, दुसऱ्या बाजूला नळाचं. नजर नळावरच ठेवायची. "अहो, नळ! नळाकडे बघा!" महिनाभर ओरडून बायकोचा घसा असा बसला, की खिडकीतले कावळे तिला ओ देऊ लागले. पण मास्तरांनी शंभरपैकी शंभर मिळवले.

त्याच संध्याकाळी बाथरूमच्या दाराखालून धूर आला. तिने धाडकन दार उघडलं. मास्तर पालथ्या बादलीवर बसून, पापणीही न लववता नळाकडे बघत झुरके मारत होते.

"अहो, उद्या ऑपरेशनची तारीख मिळणार होती ना!"

"उगाच काय डाफरतेस? सिगारेटकडे ढुंकून तरी बघतोय का मी?"