रेघ सरळ करून टाका

बसा, एका रेघेवरून झालेलं भांडण सांगतो. आमची थोरली लेक ॲन्टेना तपासायच्या डब्याचा प्रोग्राम लिहिते, हौशी रेडिओवाल्यांना फुकट वाटते. ॲन्टेना जोडली की डबा पडद्यावर रेघ काढतो, त्यावरून तिचं दुखणं कळतं. एका दुकानदाराने तसेच डबे विकायला काढले. प्रोग्राम थोरलीचाच, चिप मात्र भंगार. फ्रिक्वेन्सी चढली की रेघ थयथयाट करायची, गिऱ्हाइकांना वाटायचं प्रोग्रामच चुकलाय, आणि शिव्या खायची आमची पोर. तो निलाजरा घरी येऊन म्हणतो, "ताई, प्रोग्राममध्येच रेघ सरळ करून टाका, कुणाला कळतंय?" माझा हात चपलेकडे गेला. थोरली म्हणाली, "बाबा, थांबा जरा." तिने प्रोग्राम बदलला. आता भंगार चिप सापडली की डबा लिहितो: "इथून पुढे माझं ऐकू नका." तुम्हाला ती ओळ दिसली, तर पोरीला शिव्या घालू नका, डबा दुकानदाराच्या काउंटरवर आपटा.