चकार शब्द

नवरा पाणबुडीतून निवृत्त होऊन घरी बसला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. आज त्याच पाणबुडीचं म्युझियम बघायला तो बायकोला घेऊन आला होता. माहिती मात्र गाइडच सांगत होता.

"शत्रू डोक्यावर असला की इथे कुणी चकार शब्द काढायचा नाही. चमचा वाजला तरी खैर नसायची. सगळं खुणेनं."

तिला त्यात नवल वाटलं नाही. घरी जेवताना मीठ हवं असलं तरी नवरा बोटच दाखवायचा.

"आणि शत्रू गेला की?" तिनं विचारलं.

"मग काय काकू, पोटभर गप्पा."

नवऱ्यानं बोटानंच तिला पुढे चालायला खुणावलं.



"म्हणजे मी गेले की हेही बोलतील तर," ती गाइडला म्हणाली.