थोरली

लोखंड कापायच्या ग्राइंडरचा आवाज ऐकून ती पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात धावली. नवरा गाडीशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि तिच्या दोन दारांमधल्या खांबावर पातं चालवत होता. ठिणग्या त्याच्या बाहीवर उडत होत्या. खडूच्या रेघेवर चार बोटं चीर पडलीसुद्धा होती.

एकतीस वर्षं त्याने ही गाडी जिवापाड जपली होती. भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिला तळ नव्हता, सीटमध्ये उंदरांची पिल्लं होती. त्यानंतर सुटीचा एक दिवस त्याने दुसऱ्या कशाला दिला नाही. पत्रा ठोकून सरळ केला, इंजिन तीनदा उतरवलं, दाराच्या एका मूळ मुठीसाठी सहा वर्षं गावोगाव पत्रं लिहिली. कोणी बॉनेटला टेकलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. नातेवाईक गाडीला त्याची थोरली म्हणायचे. धाकटी म्हणजे मुलगी. ती रांगायला लागली तेव्हापासून थोरलीच्या खालीच सापडायची, गालाला ग्रीस फासून.

आठ महिन्यांपूर्वी बस उलटली आणि धाकटीचं कमरेखालचं अंग गेलं. घरी आणल्यापासून ती अंगणाकडच्या खोलीत पडून होती, पडदा ओढून. पलंगाशेजारी चाकांची खुर्ची आणि खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. आपलं आपण खुर्चीत बसायला तिला हॉस्पिटलात शिकवलं होतं. घरी एकदाही बसली नाही. मैत्रिणी येऊन गेल्या. मावशी आली ती स्वतःच रडत बसली. आईने समजावलं, बापाने हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता तिलाच वाटायला हवं. या आठवड्यात तिने अन्नही टाकलं. काल भरलेलं ताट परत देताना तिने शांतपणे सांगितलं, की आता माझ्यासाठी काही करत बसू नका.

आणि आज हे. नवऱ्याचं डोकं फिरलं, याशिवाय तिला दुसरं काही सुचेना. काय चाललंय म्हणून तिने विचारलं, तर वर न बघता तो म्हणाला, की दार रुंद करतोय, पोर खुर्चीसकट आत जाईल एवढं. पुन्हा पातं टेकलं. लोखंड किंचाळलं. तिने दंड धरून त्याला ओढला, पण तो जागचा हलेना. घामाने भिजलाय की रडतोय, तेही तिला कळेना. एक हातची चाललीच आहे, निदान दुसरी तरी राहू दे, असं ती म्हणणार होती.

तेवढ्यात घरात काहीतरी धाडकन पडलं. मग चाकांची करकर ऐकू आली.

मुलगी दारात होती. केस पिंजारलेले, उन्हाने डोळे किलकिले झालेले, एक पाय खुर्चीवरून घसरून लोंबत होता.

"बाबा, बंद करा ते. तो खांब कापलात तर छत खाली बसेल."

त्याने मशीन थांबवलं. "मग तुला आत घेऊ कशी?"

"दाराला हात लावू नका. पुढची सीट काढा, फिरती बसवा. मी खुर्चीवरून सरकेन."

खुर्चीसाठी पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून ती चाकं धरत धरत खाली उतरली. चिरेत बोट घालून तिने खोली चाचपली, चक् केलं आणि माप घ्यायला टेप मागितली.

टेप आणायला तो शेडमध्ये गेला. बायको मागोमाग आली.

"छत त्या खांबावर असतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" तिने हळूच विचारलं.

"मीच शिकवलंय तिला."

"मग मशीन नुसतंच फिरवायचं होतं. थोरलीला खरंच कशाला कापलंत?"

तो खण ओढत होता. टेप काढून त्याने बाहीवर पुसली.

"नुसतं फिरवलं असतं," तो म्हणाला, "तर आवाजावरून ओळखलं असतं तिने."